अगं, आधी बाळाकडे बघ

अगं, आधी ते थर्मामीटर खाली ठेव आणि बाळाकडे बघ. दर वीस मिनिटांनी काखेत लावून आकडा वाचत बसलीस की तुझा जीव वरखाली होतो आणि लेकरूही चिडतं. लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून माझी सगळी नोकरी गेली. खरं सांगू का, तिथे डॉक्टर राउंडला आले की पहिला प्रश्न तापाचा नसायचा. दूध घेतलं का, शू झाली का, हसलं का, हे आधी. १०३ ताप असलेलं पोर औषधानंतर अर्ध्या-पाऊण तासात आजोबांच्या खिशातलं पेन ओढायला लागलं, तर मी जरा निवांत होते. आणि ताप १०० च आहे, पण पोर मान टाकून पडलंय, आवडता खुळखुळा वाजवला तरी वळून बघत नाही, तर मी चप्पल घालून निघते.

याला एकच मोठा अपवाद आहे, तो मनावर कोरून ठेव. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ किंवा त्याच्या वर गेला, तर ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणायचं नाही. इतक्या लहान जिवाला रक्तात जंतुसंसर्ग झाला तरी वरून फारसं दिसत नाही. कधी तर ताप येण्याऐवजी अंगच गार पडतं, बाळ दूध ओढायचं सोडतं, रडण्याचा आवाज बारीक होतो. तळहात, तळपाय आणि पोटही गार लागलं तर तेही तापाइतकंच गंभीर. घरचं औषध नाही, गुटी नाही, सरळ दवाखाना. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.

मोठ्या बाळांसाठी चार गोष्टी अशा आहेत की त्यातली एक जरी दिसली तरी विचार करत बसायचं नाही. पोर काहीच पीत नाहीये, पोटात घातलेलं सगळंच्या सगळं उलटून टाकतंय, आकडी आलीये, किंवा हलवून उठवलं तरी नीट जागं होत नाहीये. सरकारी आरोग्यसेविकांना प्रशिक्षणात याच चार खुणा शिकवतात, आणि त्या तुला घरात बसून दिसू शकतात. त्यासाठी डिग्री लागत नाही.

आणि शू बघ. हल्ली सगळ्यांच्या घरी डायपर असतो, त्यामुळे किती वेळा झाली ते कळतच नाही. बाळ आजारी असेल त्या दिवशी डायपर काढून साधी लंगोटी बांध. कपडे धुवायचा ताप होईल, पण बघ, सहा-आठ तासांत एकदाही शू नाही, किंवा झाली तीही गडद पिवळी, तर पाणी कमी पडतंय हे तुला डॉक्टरांच्या आधी कळेल. रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, तोंड कोरडं पडलंय, तान्ह्याची टाळू खोल गेलीये, याही त्याच वाटेवरच्या खुणा. उलट टाळू फुगून वर आली असेल, बाळ उचललं की जास्तच कळवळून रडत असेल, तर मेंदूज्वराची शंका घ्यायची आणि धावायचं.

आता श्वासाचं सांगते, कारण हे प्रत्येक आईला यायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. पोराला सर्दी-खोकला झाला की आपण खोकल्याचा आवाज ऐकत बसतो. आवाज कितीही खरखरीत असला तरी त्याला फार महत्त्व देऊ नकोस, श्वास मोज. बाळ शांत असताना, झोपलेलं असेल तर उत्तमच, झबलं छातीपर्यंत वर कर. नाक चोंदलेलं असेल तर आधी सलाईनचे थेंब घालून मोकळं कर, नाहीतर मोजणी चुकते. मोबाइलवर एक मिनिट लाव आणि पोटाकडे बघ. वर आलं, खाली गेलं, की एक. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नकोस, लहान मुलांचा श्वास कधी भरभर तर कधी सावकाश चालतो. रडणाऱ्या किंवा नुकतंच दूध पिऊन झालेल्या बाळाचा श्वास मोजू नकोस, तो वाढलेलाच असणार. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरला तर पुन्हा एकदा मोजून खात्री कर. दोन महिने ते एक वर्ष असेल तर ५०, आणि एक ते पाच वर्षांच्या पोराचा ४०. हा आकडा गाठला की न्यूमोनियाची शंका. आणि श्वास आत घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, म्हणजे ज्याला आपल्याकडे पोट उडतंय म्हणतात ते, नाकपुड्या फुलत असतील, बाळ कण्हत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मोजायलाही थांबू नकोस.

हे जमेल का, असं मनात आलं ना? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी हे काम गावातल्या साध्यासुध्या बायकांना शिकवलं. ज्यांना पन्नास-साठपर्यंत मोजण्याची सवय नव्हती त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी लावलेलं साधन तयार केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. त्या बायकांनी झोपडीत, चिमणीच्या उजेडात न्यूमोनिया ओळखला. पुढे आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, त्याचा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मग तुला का नाही जमणार? आज बाळ बरं असतानाच एकदा मोजून बघ. नेहमीचा श्वास माहीत असला की बिघडलेला लगेच कळतो.

साधी सर्दी मात्र आठ-दहा दिवस घेतेच गं. पाळणाघरात किंवा बालवाडीत जायला लागलं की पोराला वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होते, त्यात तुझं काही चुकत नाही आणि त्याची ‘प्रतिकारशक्ती कमी’ आहे असंही नाही. दर वेळी अँटिबायोटिक मागू नकोस. गरम पाण्याचं पातेलं पुढ्यात ठेवून वाफ तर मुळीच देऊ नकोस, ते पातेलं कलंडून भाजलेली पोरं मी वॉर्डात सांभाळली आहेत. एक वर्षाच्या पुढच्या मुलाला झोपताना अर्धा-एक चमचा मध चालतो, एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही. आणि खोकल्याची औषधं कपाटातून काढून टाक. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात दूषित कफ सिरपनं लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली, त्यातल्या कितीतरी लेकरांना उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. दोन वर्षांच्या आत ही औषधं द्यायची नाहीत आणि पाच वर्षांपर्यंतही सहसा टाळायची, असं केंद्राच्या आरोग्य विभागानं त्यानंतर पुन्हा बजावलं. शेजारणीच्या पोराला ज्या बाटलीनं गुण आला ती तुझ्या पोराला द्यायची नाही, एवढं तरी ऐकच माझं.

तापाच्या औषधाबद्दलही थोडं थांबून सांगते, कारण गोंधळ इथेच होतो. पॅरासिटामॉलची मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते. किलोमागे एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे १० किलोच्या पोराला १०० ते १५०. पण बाटल्या तीन तऱ्हेच्या मिळतात. एकीत ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम असतं, दुसरीत ५ मिलीमध्ये २५०, आणि तान्ह्यांच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलीमध्येच १००. आता तुझ्या घरातल्या कुणी ‘एक चमचा द्या’ एवढंच ऐकलं आणि थेंबांच्या बाटलीतून चमचाभर ओतलं, तर पोटात ५०० मिलिग्रॅम गेलं की गं! म्हणून बाटलीवरचं लेबल वाच, डॉक्टरांकडून मात्रा मिलीमध्ये लिहून घे आणि बाटलीबरोबरच्या मापानंच दे. दोन डोसांत निदान चार तास, आणि दिवसभरात चारपेक्षा जास्त नाही. तापात पोराला स्वेटर-टोपीत गुंडाळू नकोस. बर्फाच्या पाण्यानं पुसूही नकोस, त्यानं हुडहुडी भरते. पातळ सुती कपडा आणि पंखा पुरतो. पावसाळ्यात ताप आला की आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक किंवा ॲस्पिरिन असं काही मनानं देऊ नकोस, ताप डेंग्यूचा असला तर त्यानं रक्तस्राव वाढू शकतो.

डेंग्यूचं एक फसवं वागणं सांगते. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, आपण देवापुढे साखर ठेवतो, आणि धोका तिथूनच सुरू होतो. ताप गेला पण पोट खूप दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, पोर मलूल झालंय किंवा उगाच तगमग करतंय, हातपाय गार पडलेत, तर त्याच क्षणी दवाखाना. ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस पोरावर जास्त लक्ष ठेवायचं, शाळेत पाठवायची घाई करायची नाही.

जुलाबात आपलं काम फार सोपं आहे, पण चिकाटीचं. ओआरएसची एक लिटरची पुडी आख्खी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळव. अर्धी पुडी पेल्यात आणि अर्धी डब्यात, असं नाही. मीठ-साखरेचं प्रमाण बिघडलं तर उपयोगाऐवजी अपाय होतो. चोवीस तासांनी उरलेलं फेकून दे. उलटी होत असेल तर दहा मिनिटं थांब आणि मग चमच्या-चमच्यानं पाजत राहा. पेला तोंडाला लावलास तर भडाभड बाहेर येईल, दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा दिलास तर टिकेल. १९७१ च्या बांगलादेश युद्धात निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच पाण्यावर असंख्य माणसं वाचवली, सलाईन संपलं होतं आणि नातेवाईकच पेल्यांनी पाजत होते. इतकं साधं आहे म्हणून त्याला कमी लेखू नकोस. पुडी घेताना मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असं लिहिलेलं बघून घे. ओआरएस असं नाव लावून गोड सरबतं विकली जात होती, त्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं बंदी घातली, कारण जास्त साखरेनं जुलाब वाढतात. जोडीला डॉक्टरांना विचारून १४ दिवस झिंक. जुलाब थांबले तरी ते पूर्ण करायचं. अंगावरचं दूध बंद करू नकोस, पेज, मऊ वरणभात, ताक चालू दे. जुलाब बांधणारं औषध नको. शीत रक्त दिसलं तर दाखवायचंच. आणि एक वेगळं चित्र लक्षात ठेव: तीन महिने ते दोन-तीन वर्षांचं पोर थांबून थांबून कळवळून रडतंय, पाय पोटाशी घेतंय, मध्येच शांत होतंय, पुन्हा तेच, उलट्या आणि मग लाल जेलीसारखी शी. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात सरकलेला असतो. तासातासाला महत्त्व असतं तिथे.

अंगावर पुरळ म्हटलं की घराघरात गोंधळ. कांजिण्यांना पाण्याचे फोड येतात, तळहात-तळपाय आणि तोंडात फोड आले तर बहुधा हातपायतोंडाचा आजार, तो आठवडाभरात जातो. गोवराला आधी डोळे लाल, नाक गळतं, ताप चढतो आणि मग कानामागून, चेहऱ्यावरून पुरळ खाली उतरतं. गोवर देवाचा म्हणून औषध न देता घरात ठेवायचा, हे कृपा करून करू नकोस. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीच्या आसपास गोवरानं लेकरं गेली आहेत. डॉक्टर त्यात जीवनसत्त्व अ देतात, न्यूमोनिया तपासतात. नऊ महिन्यांची आणि दीड वर्षाची लस झालीये का, कार्ड काढून आत्ताच बघ. आणि लाल-जांभळे ठिपके असतील तर काचेचा पारदर्शक पेला त्यावर दाबून बघ. दाबल्यावर फिके झाले नाहीत आणि सोबत ताप असेल, तर ती तातडीची गोष्ट आहे.

आकडीनं आई जितकी घाबरते तितकी कशानंच नाही, मला माहितीये. सहा महिने ते पाच वर्षांच्या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत थांबते आणि मेंदूला इजा करत नाही. त्या वेळात तुला एवढंच करायचंय: पोराला कुशीवर वळव, गळ्याजवळचं बटण सोड, घड्याळ बघ. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालायचं नाही. कांदा नाही, चप्पल नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन, आणि थांबली तरी पहिली आकडी डॉक्टरांना दाखवायचीच.

आता तू मनात ठेवलेला प्रश्न. ‘हे साधंच आहे ना? काही दुर्मीळ तर नसेल?’ रात्री मोबाइलवर शोधत बसलीस की प्रत्येक तापामागे कॅन्सर निघतो. बघ, दुर्मीळ आजाराचं नाव तुला माहीत असायची गरज नाही. साधा आजार आपल्या ठरलेल्या वाटेनं जातो: दोन-तीन दिवस चढतो, मग उतरतो, पोर खायला मागतं. जो आजार ही वाट सोडतो, जातच नाही किंवा पुन्हा पुन्हा येतो, त्याच्याकडे वळून बघायचं. एवढं ओळखणं आईच्या हातात असतं.

ताप पाच दिवस झाले तरी हटत नाही, हे घे. डोळे लाल आहेत पण चिपडं नाहीत, ओठ लाल होऊन फुटलेत, जीभ लालभडक दाणेदार, हातपाय सुजलेत, मानेला गाठ, अंगावर पुरळ. आणि बाळाच्या डाव्या दंडावर जन्मल्यावर दिलेल्या बीसीजीचा जो व्रण असतो ना, तोच अचानक लाल होऊन सुजलाय. हा कावासाकी असू शकतो. टोकियोतले डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६१ मध्ये असं पहिलं पोर पाहिलं आणि १९६७ मध्ये पन्नास मुलांची नोंद छापली. ताप आपोआप उतरतोही, पण उपचार मिळाले नाहीत तर चारातल्या एका पोराच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगतात. दहा दिवसांच्या आत आयव्हीआयजी नावाचं औषध सलाईनमधून दिलं तर हा धोका पुष्कळच कमी होतो. खुणा सगळ्या एकाच दिवशी दिसतात असंही नाही. पुरळ सोमवारी येऊन बुधवारी गेलेलं असतं, डोळे गुरुवारी लाल होतात. म्हणून रोजचा फोटो काढून ठेव. डॉक्टरांच्या खुर्चीसमोर बसल्यावर ‘पुरळ होतं, आता नाही’ या वाक्यापेक्षा तो फोटो शंभर पटीनं कामाचा. ‘डॉक्टर, पाच दिवस झालेत, कावासाकी नाही ना?’ असं विचारायला लाजू नकोस. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

नवजात बाळाच्या काविळीचंही तसंच. पहिल्या आठवड्यातली कावीळ बहुतेकांना होते आणि जाते. पण दोन आठवडे उलटले तरी डोळे पिवळे, शू गडद, आणि शीचा रंग पांढुरका, खडूसारखा, तर ‘कोवळ्या उन्हात धर’ या सल्ल्यावर थांबू नकोस. पित्ताची नळी बंद असू शकते. त्यावरची शस्त्रक्रिया बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत झाली तर यश जास्त मिळतं. आजी मंडळी शीचा रंग रोज बघायच्या, घरात बोलायच्या. ती सवय फार शहाणपणाची होती.

रात्री कोरडं झोपणारं पोर अचानक पुन्हा गादी ओली करायला लागलं, सारखं पाणी मागतंय, भरपूर जेवूनही वाळत चाललंय, शूला मुंग्या लागतायत, तर त्याला ओरडू नकोस, त्याच दिवशी बोटातल्या थेंबावर साखर तपासून घे. लहान मुलांना मधुमेह होतो. उशीर झाला की उलट्या, पोटदुखी, खोल श्वास सुरू होतात आणि सगळे त्याला पोटाचं दुखणं समजतात. फ्लॅशच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल दिसण्याऐवजी पांढरी चमकत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखव. कधी कोनामुळेही तसं दिसतं, पण डोळ्याच्या आतल्या गाठीची ही पहिली खूण असू शकते, आणि वेळेत सापडली तर पोर वाचतं. फिकटपणा वाढतोय, काही न लागता काळेनिळे डाग पडतायत, हाडं दुखतायत म्हणून पोर रात्री रडत उठतंय, तर रक्त तपासायचं. विदर्भात, नंदुरबारकडे बाळाचे हातपाय सुजून दुखले तर सिकलसेलचाही विचार करायचा. शाळकरी मुलाच्या वृषणात एकाएकी कळ आली आणि तो लाजून ‘पोट दुखतंय’ म्हणत असेल, तर चड्डी उतरवून बघायला संकोच करू नकोस. तिथला रक्तपुरवठा पिळला गेला असेल तर साधारण सहा तास हातात असतात.

२०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याकडे गुइलेन बारे या आजाराचे दोनशेहून जास्त संशयित रुग्ण सापडले, तेव्हा किती आयांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. आधी जुलाब, मग काही दिवसांनी पायांना मुंग्या, जिना चढता येत नाही, आणि ताकद पायांकडून वर जात जाते. पोर ‘पाय दुखतात, उचलून घे’ म्हणतं तेव्हा लाडात आलंय असं वाटतं. एकदा त्याला जमिनीवर बसवून उभं राहायला सांग. रोजच्यासारखं उठता आलं नाही, तर त्याच दिवशी दाखव.

सासूबाई दृष्ट काढू म्हणाल्या तर काढू देत, पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यांचाही जीव तळमळतोच. पण नाकात तेल नको, डोळ्यांत काजळ नको, बंद खोलीत धुरी नको आणि पोटाला चटके तर जन्मात नकोत. मेळघाटात तापलेल्या विळ्यानं डंबा देतात, त्या जखमा मूळ आजारापेक्षा भयंकर असतात. आणि ‘तू काय खाल्लंस म्हणून बाळाला झालं’ असं कुणी म्हणालं तर ते मनाला लावून घेऊ नकोस.

दवाखान्यात जाताना कागदावर लिहून ने: कधीपासून, किती वेळा, काय दिलं, किती मिली, वजन किती. श्वासाचा, आकडीचा, विचित्र हालचालीचा मोबाइलवर व्हिडिओ. निघताना एक विचारायचं, ‘काय झालं तर मी परत येऊ?’ आणि डॉक्टर म्हणाले ‘व्हायरल आहे’, पण तुझ्या पोटात कालवतंय, तर सरळ सांग की माझं पोर नेहमीसारखं नाहीये. आईचं हे म्हणणं वॉर्डात आम्ही लक्षण म्हणून लिहून घ्यायचो. तरी कुणी ऐकलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. यात कुणाचा अपमान होत नाही.

खर्चाच्या धास्तीनं तर मुळीच मागे राहू नकोस. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमध्येच सुरू झाला. अंगणवाडीत आणि शाळेत येणारं त्याचं पथक जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं आणि पुढचे उपचारही मोफत मिळतात. खरोखरच दुर्मीळ आजार निघाला, तर केंद्राच्या २०२१ च्या धोरणाखाली ठरलेल्या केंद्रांतून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम त्यातलंच एक केंद्र.

आता ऊठ आणि फ्रिजवर एक कागद लाव. बाळाचं वजन, घरातल्या बाटलीप्रमाणे पॅरासिटामॉलची मिलीमधली मात्रा, तुमच्या डॉक्टरांचा नंबर, रात्री उघडं असणारं मुलांचं हॉस्पिटल, आणि १०८. तो कागद नवऱ्याला, सासूबाईंना आणि पाळणाघरातल्या ताईंना वाचून दाखव. वजन वाढलं की मात्रा बदलते, तेव्हा दर दोन महिन्यांनी तो आकडा खोडून नवा लिही.